रिकामी टाकी रिकामी नसते

गतवर्षीच्या एप्रिल महिन्यातील एका सायंकाळी आम्ही ओसरीवर बसलो असता शेजारच्या वाडीतील एक तरुण सायकलीवरून घाईने जाताना दिसला. कॅरिअरला त्याने सुतळीने पत्र्याची एक टाकी बांधली होती. मुलगा आमच्या चांगल्या ओळखीचा. त्याचे वडील चार वर्षांपूर्वी वारले, थोरला भाऊ वडोदऱ्यास नोकरीवर, आणि घरची दीड एकर बागाईत आई व तो अशी दोघेच पाहतात. आम्ही हाक मारली तेव्हा तो उतरला आणि म्हणाला, "काका, आत्ता थांबत नाही. इंजिनाची टाकी गळते आहे. वेल्डिंगवाला सात वाजता दुकान बंद करतो. तेवढा डाग मारून घेतला म्हणजे रात्री मिरचीला पाणी सोडता येईल."

आम्ही विचारले, "टाकीत डिझेल आहे काय?"

"छे, काका! सकाळीच काढले. दोनदा पाण्याने विसळलीही. अगदी रिकामी आहे."

हे शब्द कानी पडताच आम्ही ओसरी उतरलो आणि त्याच्या सायकलीचे हँडल धरले. त्याला ते चमत्कारिक वाटले असेल. परंतु "अगदी रिकामी आहे" हे तीन शब्द पूर्वी एकदा आम्हीच उच्चारले होते, आणि त्यांची किंमत दुसऱ्याने मोजली होती.

वाचकहो, ती हकीकत सांगण्यास आम्हांस संकोच वाटतो. तथापि सांगितलीच पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या जुन्या स्कूटरच्या टाकीस गंजून बारीक छिद्र पडले. आम्ही पेट्रोल काढले, टाकी रात्रभर उलटी घालून ठेवली आणि सकाळी एका कारागिराकडे नेली. त्या भल्या माणसाने विचारले, "रिकामी आहे ना?" आम्ही मोठ्या विश्वासाने होकार दिला. ज्योत टाकीला लागली मात्र, तोच मोठा आवाज झाला आणि टाकीचा जोड उसवून पत्रा फुलासारखा उमलला. कारागीर बाजूला फेकला गेला, पण बचावला. टाकी धरून उभा असलेला त्याचा पोरगेला मदतनीस मात्र एका कानाने कायमचा बहिरा झाला. विचारणाऱ्याने विचारले होते. खोटे उत्तर, अजाणता का होईना, आम्ही दिले होते. त्या दिवसापासून जुन्या यंत्राची टाकी दिसली की आम्ही दोन शब्द सांगितल्यावाचून राहत नाही. आजचा हा लेख त्यासाठीच आहे.

रिकामी टाकी रिकामी का नसते, हे प्रथम समजून घ्यावयास हवे. जळते ते द्रवरूप पेट्रोल नव्हे, तर त्याची वाफ. आणि तीही हवेशी विशिष्ट प्रमाणात मिसळली तरच. शंभर भाग मिश्रणात पेट्रोलची वाफ सुमारे दीड ते साडेसात भाग असली की ठिणगी पुरे होते. भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. रिकाम्या टाकीत मात्र हवा भरपूर असते, आणि वाफ पुरविण्यास तळाशी, सांध्यात व गंजाच्या पापुद्र्यांखाली राहिलेले चार थेंब पुरेसे होतात. दहा लिटरांची टाकी स्फोटक होण्यास अर्ध्या चमच्याहूनही कमी पेट्रोल लागते. म्हणून भरलेल्या टाकीहून रिकामी टाकी अधिक भयंकर. शिवाय ही वाफ हवेहून जड असल्यामुळे आपोआप उडून जात नाही. टाकीत बसून राहते.

कोणी म्हणेल, पेट्रोलचे खरे, पण डिझेल कोठे एवढे पेटते? भारतीय मानकाप्रमाणे डिझेलचा ज्वलनांक किमान ३५ अंश सेल्सिअस ठेवलेला आहे. म्हणजे तितक्या उष्णतेपर्यंत ते पेटण्याजोगी वाफ सोडीत नाही. परंतु वैशाखाच्या उन्हात ठेवलेला पत्रा ३५ अंशांच्या पुष्कळ वर तापतो, आणि वेल्डिंगची ज्योत तर हजारो अंशांची. पत्र्याच्या आतील बाजूस चिकटलेला डिझेलचा पातळ थर तिच्या आचेने क्षणात वाफ होतो. पाण्याने दोनदा विसळून हा थर जात नाही, कारण तेलाला पाणी लागतच नाही. सबब नियम एकच: ज्या टाकीत, पिंपात वा डब्यात एकदा इंधन राहिले, त्याला गावच्या दुकानात वेल्डिंग, झाळकाम वा घासणीचे यंत्र केव्हाही लावावयाचे नाही. आत पाहावयाचे झाल्यास काडी वा कंदील नव्हे, विजेरी वापरावी.

हे सर्व ऐकून मुलगा ओसरीच्या पायरीवर बसला. मग त्याने खरी अडचण सांगितली. गळती ही नवी गोष्ट होती. मूळ दुखणे दोन महिन्यांचे. इंजिन सुरू होई, दहा मिनिटे उत्तम चाले, मग धापा टाकून बंद पडे. थोडा वेळ थांबून हँडल मारले की पुन्हा दहा मिनिटे. मिस्त्रीने दोनदा नोझल साफ करून दिले व पैसे घेतले. वडोदऱ्याच्या भावाने दूरध्वनीवर सांगितले, "ते धूड भंगारात घाल, मी विजेच्या मोटारीला पैसे पाठवितो." परंतु शेतीच्या वाहिनीला वीज ठरावीक तासच येते, आणि उन्हाळ्यात तेवढ्याने भागत नाही. शिवाय आईचे म्हणणे निराळे होते. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा ती माउली आम्हांस म्हणाली, "भाऊजी, इंजिन विकायचे तर विकू. पण ते बिघडलेले आहे म्हणून विकायचे नाही. ह्याच इंजिनाच्या पाण्यावर दोन्ही पोरे शिकली."

इंजिन आजोबांनी घेतलेले, लिस्टर घाटाचे. मूळ लिस्टर इंजिने इंग्लंडातील डर्स्ली गावची. त्यांचे संथ चालीचे, मिनिटास सहाशे-साडेसहाशे फेरे घेणारे रूप १९३० च्या सुमारास निघाले, आणि पुढे त्याच घाटाची इंजिने राजकोटच्या कारखान्यांतून आपल्या विहिरींवर आली. आमच्या सीमाभागास किर्लोस्कर हे नाव अधिक जवळचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानाने आरंभ केला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, आणि १९४६ मध्ये पुण्यास ऑइल इंजिनांची कंपनी स्थापन झाली. कोणतेही घ्या, ह्या जुन्या इंजिनांचे ओतीव धड दोन-तीन पिढ्या सहज टिकते. टाकी मात्र जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या पत्र्याची. त्यामुळे इंजिन म्हातारे झाले असे आपण समजतो तेव्हा पुष्कळदा म्हातारी झालेली असते ती केवळ टाकी.

त्या दिवशी आम्ही टाकी उन्हाकडे धरून आत विजेरी टाकली. तळ तांबडालाल झालेला, त्यावर पापुद्रे सुटलेले, आणि कॉकच्या तोंडाशी चिखलासारखा गाळ. दहा मिनिटांचे कोडे उलगडले. इंजिन चालू असता डिझेलच्या ओढीने पापुद्रे व गाळ कॉकच्या तोंडाशी जमत, वाट बंद होई; इंजिन थांबले की ते खाली बसत व वाट मोकळी होई. नोझलचा त्यात दोष नव्हता. बारीक गंज पुढे गेला असता तर मात्र मोठी हानी झाली असती. इंधनपंपाचा दट्ट्या आणि त्याची नळी ह्यांत दोन-तीन मायक्रॉनांचीच फट असते. माणसाचा केस पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो. इतक्या नाजूक जागी गंजाचा कण हा कानशीच होय.

आता गंज येतो कोठून? डिझेल लोखंडाला गंजवीत नाही, उलट राखते. गंजविते ते पाणी आणि हवा. अर्धी भरलेली टाकी दिवसा तापते, आतील हवा फुगून झाकणाच्या भोकातून बाहेर जाते; रात्री टाकी निवते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. ३० अंशांच्या, दमटपणाने भरलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाणी असते. त्यातील काही पाणी गार पत्र्यावर दवासारखे जमून थेंबाथेंबाने खाली ओघळते. एका रात्रीचा थेंब नगण्य. परंतु मृगापासून दिवाळीपर्यंत टाकी रोज असा श्वास घेत राहिली तर तळाशी पाण्याचा थर साचतो. पाणी डिझेलहून जड, म्हणून ते नेहमी तळीच राहते, आणि वरून पाहणाऱ्यास स्वच्छ डिझेलच दिसते. पाणी व डिझेल ह्यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतूही वाढतात; त्यांची काळी बुळबुळीत साय होते आणि त्यांच्या आम्लाने पत्रा आणखी खाल्ला जातो. खानापूर-बेळगावकडील पावसात किंवा गोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात हे सर्व अधिकच वेगाने घडते.

तात्पर्य असे की, यंत्र काम करते त्या वर्षांत टाकी क्वचित गंजते. यंत्र उभे राहते त्या महिन्यांत ती गंजते. टाकीतील रिकामी जागा प्रथम पाण्याला घर देते, आणि पुढे आपण ती झाळावयास नेली की तीच रिकामी जागा स्फोटाला घर देते.

गंजलेली टाकी घरच्या घरी साफ करता येते. त्यासाठी ज्योत नको, घाईही नको. आम्ही त्या मुलाबरोबर जे केले ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, काम उघड्या अंगणात करावे. चूल, विडी व विजेची ठिणगी दूर ठेवावी. हातांत रबरी मोजे व डोळ्यांवर चष्मा असावा. उरलेले इंधन व गाळ एका डब्यात काढावा. तो विहिरीजवळ, ओढ्यात वा शेतात ओतू नये. जुने तेल घेणाऱ्याकडे द्यावा. कॉक, जाळी व झाकण काढून निराळे ठेवावे.

दुसरी गोष्ट, परीक्षा. पेचकसाच्या बोथट टोकाने तळ बाहेरून जागोजाग दाबून पाहावा. पत्रा दबला किंवा टोक आत गेले तर पुढचे श्रम व्यर्थ आहेत. पत्रा ताठ राहिला तर पुढे जावे.

तिसरी गोष्ट, तेलकटपणा घालविणे. गरम पाण्यात धुण्याचा सोडा व साबणाची पूड घालून टाकी तीन-चार वेळा चांगली हिंदकळावी. तेलाचा थर राहिला तर पुढील कोणतेही औषध गंजापर्यंत पोचत नाही. पहिल्या धुण्याच्या पाण्यात डिझेल असते, म्हणून तेही डब्यातच काढावे.

चौथी गोष्ट, सुटे पापुद्रे पाडणे. ह्यासाठी बारीक लोखंडी साखळी पाण्याबरोबर आत सोडून टाकी सर्व बाजूंनी हलवावी. काही लोक खडी घालतात. परंतु एखादा खडा आत राहिला तर तोच पुढे कॉकमध्ये अडकतो. नट वापरल्यास आधी मोजून घालावेत आणि मोजून काढावेत. साखळी बरी, कारण तिचे एक टोक आपल्या हाती राहते.

पाचवी गोष्ट, उरलेला गंज विरघळविणे. ह्याचे तीन सौम्य उपाय आम्हांस ठाऊक आहेत. शिरका टाकीत काठोकाठ भरून एक ते तीन दिवस ठेवावा. गोव्याकडे माडाचा शिरका घरोघर असतोच. किंवा लिंबूसत्व, ज्यास कोणी लिंबूफूल म्हणतात, लिटरभर पाण्यास ५० ते १०० ग्रॅम ह्या मानाने घालून दिवसभर ठेवावे व मधून मधून पाहावे. तिसरा उपाय आपल्या ऊसपट्ट्याचा: गुरांच्या खुराकासाठी मिळते ती मळी एक भाग आणि पाणी नऊ भाग. हिला एक-दोन आठवडे लागतात आणि वासही येतो, परंतु ती गंज खाते व चांगल्या लोखंडास फारसे लागत नाही. तिन्ही उपायांत टाकीचे तोंड घट्ट बंद करू नये, कारण आत वायू तयार होतो. ॲल्युमिनियमच्या वा जस्ताच्या भागांना मात्र हे उपाय करू नयेत. ते गंजाआधी तेच भाग खातात. संडास धुण्याचे तीव्र आम्ल वापरण्याचा मोह अनेकांस होतो. ते गंज चटकन काढते खरे, पण त्यापाठोपाठ पत्राही खाते, त्याची वाफ छातीस अपायकारक असते, आणि धुण्याच्या ब्लीचशी त्याची गाठ पडली तर विषारी वायू निघतो. तो मोह आवरावा.

सहावी गोष्ट सर्वांत अधिक विसरली जाते. आम्लाने उघडे पडलेले लोखंड ओले राहिले तर तासाभरात पुन्हा तांबडे होते. म्हणून औषध ओतून टाकताच स्वच्छ पाण्याने धुवावे, मग सोड्याच्या पाण्याने धुऊन आम्लाचा अंश मारावा, पुन्हा पाण्याने विसळावे, आणि लगेच कडक उन्हात उलटी-सुलटी करून पूर्ण वाळवावे. वाळताच पेलाभर स्वच्छ डिझेल किंवा इंजिनाचे तेल आत घालून टाकी अशी फिरवावी की आतील प्रत्येक कोपऱ्यास ते लागेल. मग ते ओतून टाकावे.

शेवटी नळी, जाळी व फिल्टर. टाकी साफ केली आणि जुना फिल्टर तसाच ठेवला तर अर्धेच काम झाले. फिल्टर नवा घालावा, नळी फुंकून पाहावी, रबरी नळी भेगाळली असल्यास बदलावी. डिझेल भरल्यावर पंपाजवळचा स्क्रू सैल करून, आपले मिस्त्री ज्याला एअर काढणे म्हणतात ते करावे. बुडबुडे थांबून नुसते डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळावा.

ह्याप्रमाणे आम्ही सर्व केले. आमच्या तरुण मित्राची टाकी आम्ही पेचकसाने दाबून पाहिली तेव्हा ती ताठ लागली होती, आणि पाच दिवस आम्ही मोठ्या उमेदीने खपलो. सहाव्या दिवशी टाकी धुऊन उन्हाकडे धरली तो काय! तळाशी चाळणीसारखे प्रकाशाचे ठिपके दिसले. जेथे गळत होते ते एकच भोक नव्हते. बाकीची भोके गंजानेच बुजवून धरलेली होती. गंज गेला आणि सत्य उघडे पडले. मुलाचा चेहरा उतरला. आम्हांसही वाईट वाटले, कारण आमची परीक्षा कमी पडली होती. सांध्याच्या कडेला आम्ही दाबून पाहिलेच नव्हते. वाचकांनी ती चूक करू नये. नेमकी तेथेच पाण्याची धार बसते.

अशा टाकीस काय करावे? बाजारात आतून लेप देण्याची रसायने मिळतात. तळ शाबूत असून एखादे सुईएवढे छिद्र असेल, टाकी पूर्ण कोरडी व गंजमुक्त असेल, तर त्यांचा उपयोग होतो. चाळणी झालेल्या पत्र्याला लेप म्हणजे कुजलेल्या वाशाला रंग. आम्ही मुलास सांगितले, "बाळ, हिची सेवा संपली. आता नवी कर." पत्र्याचे काम करणाऱ्याकडून जुन्या मापाची नवी टाकी, कोऱ्या पोलादी पत्र्याची, करून घेतली. ज्या पत्र्यात कधी इंधन गेलेच नाही त्याला ज्योत लावण्यास भीती नाही. तेथे कारागिराने खुशाल झाळावे. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा मात्र घेऊ नये, कारण जस्ताचा डिझेलशी संयोग होऊन चिकट क्षार बनतात व तेच पुढे फिल्टरमध्ये अडकतात. कॉक तळापासून बोटभर उंच बसविला आणि अगदी तळाशी पाणी सोडण्यास निराळे बूच ठेवले. जुन्या टाकीत हे बूच नव्हते. असते तर ती आणखी वीस वर्षे टिकली असती असे आम्हांस वाटते.

जुनी टाकी भंगारवाल्यास देताना मुलाने एक गोष्ट न सांगता केली. भंगारवाला तिला वजनात घेऊ लागला तेव्हा तो म्हणाला, "हिच्यात डिझेल होते. कापायची असली तर पाण्याने भरल्यावाचून ज्योत लावू नका, आणि पुढे ज्याला द्याल त्यालाही सांगा." आम्ही बाजूस उभे होतो. बहिरा झालेला तो मदतनीस आम्हांस त्या वेळी आठवला.

इंजिन त्या रात्री चालले. तोपर्यंत मिरचीचे दोन वाफे वाळून गेले होते. तेवढे नुकसान झालेच. बाकीचे पीक वाचले.

आता पावसाळा तोंडावर आला आहे, म्हणून राखणीच्या चार गोष्टी. डिझेलचे इंजिन पावसाळाभर उभे राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवावी. हवेला जागा नाही तर दवालाही नाही. मात्र भरलेली टाकी चुलीपासून व झोपण्याच्या जागेपासून दूर, कुलपाखाली असावी. महिन्यातून एकदा तळाचे बूच सैल करून, पाणी येत असल्यास स्वच्छ डिझेल लागेपर्यंत ते एका वाटीत सोडावे. झाकणाचे हवेचे भोक बोळ्याने बुजवू नये; ते बंद झाले तर आत पोकळी होऊन इंधन उतरत नाही, आणि इंजिन विनाकारण बंद पडते. पाऊस आत जाऊ नये म्हणून झाकणावर डबा उलटा घालणे पुरे. इंधन भरताना नरसाळ्यात बारीक जाळी वा स्वच्छ कापड धरावे. पिंपाच्या तळाचे शेवटचे दोन लिटर टाकीत ओतू नयेत.

पेट्रोलच्या यंत्रांना, म्हणजे जुन्या स्कूटरी, फवारणीचे पंप, मच्छीमार बांधवांच्या होड्यांवरील इंजिने ह्यांना, उलट नियम लावावा. २०२५ मध्ये देशातील पेट्रोलात इथेनॉलचे सरासरी प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते, आणि पाणी मर्यादेबाहेर गेले की ते पाण्यासह तळाशी वेगळे होऊन बसते. म्हणून असे यंत्र काही महिने उभे राहणार असेल तर पेट्रोल पूर्ण काढावे, टाकी उघड्यावर वाळवावी, आतून तेलाचा हात फिरवावा आणि झाकण लावून कोरड्या जागी ठेवावी.

नाताळात थोरला भाऊ गावी आला. विहिरीवर जाऊन त्याने इंजिनाला हँडल मारले; ते पहिल्या झटक्यास लागले. मग टाकीचे झाकण उघडून तो धाकट्यास म्हणाला, "अरे, एवढे महागाचे डिझेल काठोकाठ भरून कशाला ठेवलेस? काम नाही तर रिकामी ठेवावी."

धाकटा म्हणाला, "दादा, रिकामी टाकी रिकामी नसते." आणि त्याने आम्ही सांगितले ते सारे, मदतनिसाच्या कानासह, भावाला सांगितले.

वाचकहो, आपल्याही गोठ्यात वा विहिरीवर एखादे जुने इंजिन असेल. ह्या आठवड्यात त्याच्या टाकीचे झाकण उघडा आणि विजेरीने तळ पाहा. गंज दिसला तर घाबरू नका. वर सांगितलेल्या क्रमाने पाच-सहा दिवस द्या. आणि टाकी गळत असली, दुकान बंद होण्यास अर्धा तासच उरला असला, पीक वाळत असले, तरीही ती ज्योतीकडे नेऊ नका. दोन वाफे मिरची पुढच्या वर्षी पुन्हा लावता येते.